साच्यात अडलेला मोर

माझ्या लहानपणी आमच्या आळीत आमच्याबद्दल एक गैरसमज होता, की सुताराच्या घरी माघ-फाल्गुनात रोज चपात्या असतात म्हणजे त्यांचं बरं चाललंय. तेव्हा शिरूरला आमच्यासारख्यांच्या घरी बारा महिने बाजरीची भाकरी, गहू सणासुदीला. पण होळीच्या आधीचा महिनाभर आमच्याकडे खरोखरच चपात्या असायच्या, आणि त्या खाताना दातांखाली सागवान कुरकुरायचं. कारण असं, की त्या दिवसांत आप्पांकडे म्हणजे माझ्या वडिलांकडे गाठीचे साचे कोरायचं काम यायचं. होळीला पोरांच्या गळ्यात आणि पाडव्याला गुढीवर साखरेची जी माळ घालतात, तिचे लाकडी साचे. कोरलेलं कसं उठतंय हे बघायला त्यात मळलेली कणीक दाबायची आणि काढून उताणी करायची. म्हणजे खोलात कोरलेलं कमळ वर उमललेलं दिसतं. बघून झालं की ती कणीक टाकून कोण देणार? आई तीच लाटायची. तरी एखाद्या पाकळीची खूण राहायचीच. एकदा मामा पंगतीला बसला असताना त्याच्या चपातीवर निम्मं कमळ निघालं. त्याला वाटलं, बहिणीनं कौतुकानं काढलंय. आई म्हणाली, "व्हय, तुझ्यासाठीच." भुसा लागला तेव्हा बिचारा पाणी पीत राहिला, पण बोलला नाही.

आमचं घर घोड नदीच्या बाजूला होतं. पुढं पडवी, पडवीत आप्पांचं काम. औत, कुळव, बैलगाडीची चाकं, कुणाच्या दाराची चौकट, सकाळपासून लाकूड तासायच्या वाकसाचा खडखडाट असायचा आणि तो थांबला की आई आतून विचारायची, "कोन आलंय?" कारण आप्पा हातातलं काम फक्त माणूस आला तरच थांबवत. कोरीव काम हे त्यांचं खरं आवडीचं. पण एका हिवाळ्यात वाकस निसटून त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी लागला, आणि तेव्हापासून थंडीत तो अंगठा वळेना. गाडीचं चाक बिनअंगठ्याचं जमत होतं, मोराचा डोळा जमेना. थोरला भाऊ शाळेत हुशार होता, त्याला पडवीकडे बघितलं तरी शिंका यायच्या. राहिले मी. माझ्या हातात कोरायची पटाशी कुणी मोठ्या विचारानं दिली असं काही नाही. आप्पा म्हणाले, "कौसे, एवढी पाकळी धर जरा," आणि मी धरली, ती पुढं चाळीस वर्षं धरूनच बसले.

शिकवणं म्हणाल तर आप्पांनी मला सुरुवातीला लाकडाला हातही लावू दिला नाही. नदीवर नेलं. ओल्या गाळात माणसांची, बैलांची, बगळ्यांची पावलं उठलेली असत. म्हणायचे, "हे बघ. टाच खाली खोल गेली म्हंजी वर ती फुगीर हाय. सगळ्यात उंच काय, ते सगळ्यात खोल. आता माझं नाक उलटं कोर मनात." मी त्यांच्या नाकाकडे बघत राहायची आणि मनात ते खड्डा करून पाडायची. मला हे इतकं लागलं, की जेवताना आईच्या तोंडाकडे बघूनही मी तिला आतल्या बाजूनं कोरत असायची. ती म्हणायची, "काय बघती गं भूत लागल्यावानी?" सांगणार काय? दुसरं शिक्षण कानाचं. आप्पा पाठमोरे बसून चाक ठोकत असायचे आणि तिथूनच ओरडायचे, "लाकडाची नस फिरली! पटाशी उलटी धर!" पटाशीवर पडणाऱ्या मोगरीचा आवाज जरासा कोरडा व्हायचा, तो त्यांना पाठीनं ऐकू यायचा. मला वाटायचं, यांना डोळे मागं आहेत. वर्षभरानं मलाही तो आवाज ऐकू यायला लागला. आणि त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं, हे मी आजच कबूल करून टाकते.

म्हणजे झालं असं, की हात चालायला लागला. गल्लीतल्या बायका मी कोरलेला एखादा पाळणा बघायला आल्या की म्हणत, "पोरीचा हात बघा!" आणि मी तो हात इकडे-तिकडे हलवून दाखवायची. सोळा-सतरा वर्षांची असेन. आरशात चेहरा बघण्याच्या वयात मी आपला अंगठा बघत बसायची. चेहऱ्यात बघण्यासारखं फारसं नव्हतं हेही कारण असेल.

त्या साली दौंडच्या हुसेनमामांचा, म्हणजे आप्पांच्या जुन्या दोस्ताचा, निरोप आला. रेल्वेलायनीच्या कडेला त्यांचं घर आणि घरातच गाठीचा कारखाना. तीन पिढ्यांचा तो धंदा होता. आसपासच्या गावांत पाडव्याला ज्या गुढ्या उभ्या राहत, त्यांतल्या कितीतरी गुढ्यांवरच्या गाठी या मामा-मामींच्या हातच्या. पावसाळ्यात त्यांच्या जुन्या साच्यांना वाळवी लागली होती, एकही धड राहिला नव्हता. सहा नवे साचे हवे होते, होळीच्या आधी, आणि ते नाही मिळाले तर त्या वर्षी त्यांच्या घरचा सणाचा धंदाच बसणार होता. निरोपात एक गोष्ट जास्तीची होती : "पदकात काहीतरी नवं काढा." पदक म्हणजे माळेच्या मधोमध लोंबणारी मोठी चकती. नेहमी तिथं कमळ असायचं. आप्पा म्हणाले, "मोर काढ." बास. मला तेवढंच हवं होतं.

मी सहाही साच्यांत मोर काढला. काय काढला! आजही डोळे मिटले की दिसतो. पिसाऱ्यातलं एकेक पीस सुटं, आणि प्रत्येक पिसाच्या कडेखाली मी पटाशीचं टोक आत घालून लाकूड खरवडलं होतं, म्हणजे तिथं सावली पडते आणि पीस हवेत असल्यासारखं वाटतं. आता साच्याचा नियम आप्पांनी मला पहिल्या दिवशीच सांगितला होता. कोरलेल्या खड्ड्याची भिंत परातीच्या काठासारखी बाहेर झुकलेली पाहिजे, घागरीसारखी आत वळलेली नको. परातीतलं पीठ उलटं केलं की पडतं. घागरीतली गोठलेली वस्तू घागर फोडल्याशिवाय निघत नाही. मला हे पाठ होतं. पण मला वाटलं, एवढ्याशा आत वळण्यानं काय होतंय? कणीक दाबून बघितली. कणीक मऊ, ती लांबली, वाकली आणि अंग चोरून बाहेर आली. मोर अख्खा निघाला. मी आईला हाक मारली, शेजारच्या दोघींना हाक मारली.

राहिली शेवटची परीक्षा. आप्पांची शिस्त अशी, की साचा देण्याआधी त्यात गुळाचा पाक ओतून, गोठवून, काढून बघायचा. कणकेवर विश्वास ठेवायचा नाही. पण गुळाच्या पाकानं नवं सागवान काळपट पडतं, आणि माझा मोर दौंडला कोरा करकरीत, सोन्यासारखा पोचावा अशी माझी इच्छा होती. आप्पा त्या दिवसांत इनामगावला एका घराची चौकट बसवायला जात होते. तिन्हीसांजेला थकून यायचे. एका संध्याकाळी हातपाय धुताना त्यांनी विचारलं, "कौसे, पाक वतला का?"

"वतला," मी म्हणाले.

"निघाला?"

"निघाला."

त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि जेवायला बसले. साचा उचलून बघितलासुद्धा नाही. मला त्या वेळी हायसं वाटलं. आता या वयात ती आठवण आली की वाटतं, त्यांनी तेव्हा नुसता एकदा साचा हातात घेतला असता तर बरं झालं असतं. पण ते बघणारच नव्हते. माणसानं ओतला म्हटल्यावर ओतला.

होळी चार दिवसांवर असताना आम्ही दोघं एसटीनं दौंडला निघालो. पोत्यात साचे, माझ्या पिशवीत माझ्या दोन पटाश्या. त्या कशाला घेतल्या होत्या? तर मामांच्या घरी कुणी म्हणालं, पोरगी कशी कोरते दाखव, तर दाखवता यावं म्हणून. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत मी मनात लोकांची वाहवा ऐकत होते, पुढं रस्ता खराब होता.

दौंडला उतरलं की आधी कोळशाचा धूर आणि मग इंजिनाची शिट्टी. मामांच्या घरी मात्र त्या धुरातून साखरेचा गरम, दुधाळ वास यायचा. मोठी कढई, तिच्यात उकळणारी साखर, मळी काढायला दुधाचा शिपका, वरून लिंबू. मामा काटकुळे, डोक्यावर टोपी, बोटांच्या चिमटीत पाक धरून तार बघायचे आणि बघताना श्वास रोखायचे. मामी जाडजूड, बसल्या जागेवरून सगळा कारखाना चालवायच्या. साचे पाण्यात भिजवणं, दोन फळ्यांच्या मध्ये दोरा अंथरणं, सुतळीनं आवळून बांधणं आणि पाक गोठला की सोडवणं, हे सगळं त्यांच्या हातचं.

मोर बघून मामा म्हणाले, "या अल्ला! मिस्तरी, ह्यो तर उडून जाईल की!" मामींनी त्यावरून ओला हात फिरवला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, लई आत गेलीस गं." मी ते कौतुक समजले.

पहिला साचा भिजवला, बांधला, मामांनी पाक ओतला. थोड्या वेळानं मामींनी सुतळी सोडली, वरची फळी उचलली, खालची उलटी करून पाटावर हलकेच आपटली. मणी निघाले, बत्तासे निघाले, मोराची मान निघाली. पिसारा आतच राहिला. मामी म्हणाल्या, "पैला घाना हाय. ऱ्हातंच." दुसरा साचा. पुन्हा बिनपिसाऱ्याचा मोर. तिसऱ्यात मानही राहिली. सहाही साचे झाले आणि पाटावर साखरेचा नुसता चुरा पडला.

आप्पा पुढं सरकले. "मामा, पाक जरा कच्चा राहतोय का?"

मामांनी कढईतून नजर वर केली. "कच्चा?"

"न्हाई, म्हंजी लिंबू जास्ती झालं आसंल."

"मिस्तरी, दाढी यायच्या आधीपासनं पाक करतोय. लिंबू मला नका शिकवू."

"शिकवत न्हाई. पन साचा बरूबर हाय. माझ्या पोरीनं घरी वतून बघितलाय. सगळा निघाला हुता."

"म्हंजी माझ्या हातात खोट?"

"मी आसं कुटं म्हनलो?"

"म्हनला की! साचा बरूबर, मग काय ऱ्हायलं? पाक ऱ्हायला!"

मामींनी "ओ, पानी घ्या दोगं बी," म्हणून मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण दोघंही ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. हे दोघं म्हणजे असे, की आप्पांच्या अंगठ्याला लागलं तेव्हा मामा दौंडहून हळदीचं औषध घेऊन आले होते आणि तीन दिवस आमच्या पडवीत झोपले होते. आणि आता मामांनी ती कढई उतरवली, सगळा पाक बाजूला ओतून दिला आणि कोरी साखर घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसले. तार बघून त्यांनी आप्पांकडे बघितलं नाही, मामींकडे बघितलं आणि विचारलं, "बरूबर हाय का गं?" जन्मात कधी त्यांनी हे कुणाला विचारलं नसेल. मामी नुसत्या हो म्हणाल्या.

मला अजूनही वाटत होतं, की या घाण्याला मोर निघेल आणि सगळं मिटेल. माणूस किती वेळ असल्या आशेवर बसतो! पण मामांनी पळी उचलली आणि माझ्या तोंडातून निघूनच गेलं :

"आप्पा, मी पाक वतलाच न्हाई."

मग मीच पुढं म्हणाले, "नुसती कणीक दाबली. पाकानं काळा पडला असता म्हनून न्हाई वतला. मामांचा पाक चांगला हाय."

मामांनी पळी कढईत ठेवली. आप्पा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, जणू मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखे. मला वाटलं, आता पटाशी गेली. नुसती हातातून नाही, घरातून गेली. हा पोरीचा खेळ होता, संपला, असं म्हणतील आणि मला भाकऱ्या थापायला बसवतील, आणि ते बरोबरच असेल. पण आप्पा उठले, मामांच्या समोर जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "मामा, तुमच्या पाकाला नाव ठिवलं. चुकलं माझं." मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "जाऊ द्या हो. मला बी वाटाया लागलं हुतं, म्हातारा झालो." मग दोघंही एकदम हसले, आणि मला रडू फुटलं.

आप्पांनी मला रडू दिलं. जरा वेळानं विचारलं, "पटाश्या आनल्यात न्हवं?"

"व्हय."

"मग बस हितं."

मामींनी साचा माझ्या मांडीवर ठेवला. "डोळं पूस आन् बघ. साखर जितं अडली, तितं पांढरं ऱ्हायलंय. कुटं काढायचं ते साखरंनंच दावलंय तुला." खरंच, प्रत्येक पिसाच्या कडेखाली, जिथं मी मोठ्या हौसेनं आत गेले होते तिथंच, पांढरी रेघ होती. ती कडा तासायची, धुवायचं, मामी बांधणार, मामा ओतणार, मग पुन्हा बघायचं कुठं पांढरं उरलंय. असं दीड दिवस चाललं. आप्पा शेजारी बसून दुसरे साचे तासत होते, त्या न वळणाऱ्या अंगठ्यानं, मुठीत पटाशी धरून. अधूनमधून "आजून घागर हाय ही, परात कर," एवढंच म्हणत. माझी एकेक पिसं माझ्याच हातानं जात होती. सुरुवातीला प्रत्येक पिसाला जीव कळवळायचा. मग कधीतरी ते थांबलं. मोर दिसेनासा झाला आणि फक्त बाहेर पडायची वाट दिसायला लागली. गाळातल्या पावलांनी मला आकार बघायला शिकवलं होतं, पण कोरलेल्या गोष्टीनं आपल्याला सोडून जायचं असतं, हे त्या दिवशी हाताला कळलं. डोक्याला कळायला आणखी बरीच वर्षं लागली.

माझा नातू रांजणगावला एका कंपनीत आहे, प्लास्टिकचे साचे तपासतो. त्याला मी ही हकिगत सांगितली तर म्हणाला, "आजी, याला ड्राफ्ट म्हणतात. ड्राफ्ट नसेल तर पार्ट अडकतो. आमच्याकडे कॉम्प्युटर सांगतो." म्हटलं, बाबा, आमच्याकडे मामी सांगायच्या. त्यानं तो शब्द मला कागदावर लिहून दिलाय. मी जपून ठेवलाय, कारण इतकी वर्षं माझ्या चुकीला काही नाव आहे हेच मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामींनी साचा उलटा केला आणि आपटायच्या आधीच अख्खी माळ पाटावर उतरली. पदकासकट. मामा वाकून बघायला लागले. पिसारा गोलमटोल, मान आखूड, पोट सुटलेलं. मामी म्हणाल्या, "आता ही अंड्यावर बसल्यावानी दिसती." त्या वर्षी दौंडच्या बाजारात पोरं "कोंबडीची गाठी" मागत होती असं मागाहून कळलं. माळा भरपूर गेल्या. मोराच्या एवढ्या गेल्या असत्या की नाही, शंकाच आहे.

परतताना एसटीत आप्पा खिडकीशी बसून झोपले. घरी आईनं विचारलं, "आवडला का मोर?" मी आप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "आवडला की. साच्यात नीट बसवून दिला हितनं-तिथनं तासून." बाकीचं त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढं देव्हाऱ्याची फळी टाकली आणि पाठमोरे बसून चाक ठोकायला लागले. त्या फळीवर मी किती वेळ नुसता हात ठेवून बसले होते ते मला आठवतं. माझी ही कला म्हणा, हे घर चालवणं म्हणा, सगळं त्या एका फळीवर उभं आहे. ती पुढं टाकली नसती तर मी काही त्यांना दोष दिला नसता.

पुढच्या वर्षी माघात मामांचं पोस्टकार्ड आलं. मामांना मराठी लिहिता यायचं नाही, स्टेशनातल्या कुणा बाबूकडून लिहून घेतलेलं, नीटस अक्षराचं. वर आप्पांचं नाव, खुशाली, आणखी चार साचे हवेत वगैरे. आणि सगळ्यांत खाली, कडेला जागा उरली नव्हती म्हणून आडवी लिहिलेली एक ओळ : 'कौसाबेटीने कोरावे. पाक ओतला का असे आम्ही विचारणार नाही.'

आप्पांनी ते कार्ड मोठ्यानं वाचलं, त्या ओळीशी थांबले, आणि कार्ड माझ्या हातात दिलं. त्या वर्षी मी चार साच्यांत प्रत्येकी तीनदा पाक ओतला. आईनं गुळाचा डबा लपवून ठेवला, तो शोधून काढून ओतला. चारही साचे काळेकुट्ट होऊन दौंडला गेले.